ब्रेक चाकाला धरतो, गाडीला रस्ता धरतो

बोईसरला कारखान्याच्या गेटवर मी टकल्या टायरचा टँकर आत सोडत नाही. ड्रायव्हर शिव्या देतात, मॅनेजर मेमो देतो. कारण विचारलंत, तर ऐका.

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग डोंगरात होती, सप्लाय कॉन्व्हॉयवर. मी बोईसरकडच्या माहीमचा, हवालदार ड्रायव्हर. माझ्या पुढची गाडी नाईक लहानूची. तो मनोरकडच्या पाड्यावरचा. एकाच भागातले म्हणून आमची दोस्ती होईल असं सगळ्यांना वाटलं. पण नाईकचा हवालदार करणारी तिसरी फीत त्याच्याआधी मला मिळाली. तेव्हापासून तो माझ्याशी ड्युटीपुरतंच बोलायचा. मीही तसाच.

त्या सकाळी रस्त्यावरचा बर्फ दगडासारखा घट्ट होता. ऊन पडलं आणि वर पाण्याचा पातळ थर सुटला. टायरला पकडीसाठी चेन बांधून आम्ही उतरू लागलो. अर्ध्या उतारावर माझ्या मागच्या चाकाची चेन तुटली.

मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ब्रेक फक्त चाकाला धरतो. गाडीला धरायचं काम रस्त्याचं. रस्ता धरत नव्हता. उजवीकडे दरी.

वायरलेस सेटवर लहानूचा आवाज आला; त्याला आरशात दिसलं असावं. "ब्रेक सोड! डोंगराला घास!"

"गाडी फाटेल."

"फाटू दे! घास!"

मी स्टीअरिंग डावीकडे फिरवलं. खडकाला घासत, पत्रा फाडत गाडी थांबली.

माझ्या मागे जवानांनी भरलेली गाडी होती. तीही घसरायला लागली. लहानू आपली गाडी थांबवून वाळूची गोणी खांद्यावर घेऊन चढ चढत आला. मी दार उघडलं.

"अर्धी मला दे."

"सरक," तो म्हणाला.

माझ्यामागे जाऊन त्याने रस्त्यावर वाळू ओतली. घसरत आलेली चाकं वाळूवर चढली, करकरली आणि थांबली. सगळे वाचले. लहानू बाजूला व्हायला वळला. त्याच्या बुटांखाली नुसता बर्फ होता. तो कडेपर्यंत सरकत गेला. मी धावलो. हात पोचला नाही. तो दरीत गेला.

रिटायर झाल्यावर मी त्याच्या पाड्यावर गेलो. त्याची बायको अंगणात भात पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिचं सूप थांबलं.

"तुमीच काय ते? फोनवर तुमालाच शिव्या द्यायचा."

"हो."

"मंग इथं कशाला आले?"

त्या दिवशी काय झालं ते मी सांगितलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "गाडीखाली त्याने वाळू टाकली. त्याच्या पायाखाली टाकायला कोनी नव्हता?"

ओटीवर लहानूचा युनिफॉर्ममधला फोटो होता. दोनच फिती. मी सावधान उभा राहून सॅल्यूट केला.

ती पाठ फिरवून पाखडायला लागली.