शेंदूर लावलेला तोफगोळा

ती सहल माझ्या घरची नव्हती. तरी माझ्या लहानपणच्या सगळ्या सहलींपेक्षा मला आज तीच जास्त आठवते.

पोलीस खात्यातून मी चाळिशीच्या आतच बाहेर पडलो. आता अन्यायाविरुद्धची पत्रकं छापतो आणि चौकात उभा राहून वाटतो. त्यामुळे गोड करून सांगायची सवय उरलेली नाही. जे झालं ते सांगतो. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

गंगाखेड तालुक्याच्या एका टोकाला छोटासा भुईकोट किल्ला आहे. मी सेलूचा. शाळेत असताना आमची सहल एसटीनं तिथं गेली होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बुरजावरून दिसणारा ज्वारीचा हिरवा पट्टा आणि गुरुजींचं ठरलेलं वाक्य, "इथून भुयार थेट दौलताबादेला निघतं!" मराठवाड्यातलं एकही भुयार अध्येमध्ये निघत नाही. बुरजाखालच्या कोनाड्यात नारळाएवढा लोखंडी तोफगोळा होता. कोणत्या लढाईतला, कुणास ठाऊक. गावानं शेंदूर लावून त्याचा देव केला होता. आम्ही पोरं त्याला हात लावायचो आणि तांबडे तळवे एकमेकांच्या सदऱ्याला पुसायचो.

पुढे त्याच भागाच्या ठाण्यात मी फौजदार म्हणून आलो. एका रविवारी दुपारी ठाण्याचा फोन वाजला. किल्ल्याजवळच्या गावातले एक पुढारी बोलत होते.

"साहेब, आमचा देव चोरीला गेलाय. पांढरी गाडी हाय, मागच्या काचेवर निळं अशोकचक्र हाय. दुसरं कोण नेणार? ह्या लोकांना देवाचं काय पडलंय?"

चोरी होताना कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते फक्त काचेवरचं चक्र. खबर म्हणतात ती कधी कधी एवढीच असते.

नाक्यावर जमादारांनी गाडी अडवली आणि ठाण्यात आणली. बौद्ध कुटुंब होतं. वडील सरकारी कचेरीत कारकून, आई शिक्षिका, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्या मागं चड्डी सावरत चालणारा बारका भाऊ. पंच बोलावून गाडीची झडती घेतली. सतरंजी, रिकामे डबे, पेरू, मोराचं एक पीस. गोळा नव्हता. पण पंचांपैकी एकाचं लक्ष मुलीच्या हाताकडं गेलं. दोन्ही तळवे तांबडे, फ्रॉकलाही शेंदूर.

एव्हाना दोन टेम्पो भरून गाव फाटकाशी येऊन उभं होतं. पुढारी आत आले, खुर्ची ओढून बसले. बरोबर त्यांचा मुलगा होता, उंच, काटक.

"पुरावा पोरीच्या हातावर हाय साहेब. फिर्याद घ्या. वाटंत कुठंतरी फेकला असंल ह्यांनी." आणि मग आवाज खाली आणून, "हा आमचा पोरगा. पोलीस भरतीची तयारी करायलाय. रोज किल्ल्याभोवती पळतोय. जरा ध्यान असू द्या."

एकाच दमात देवाची चोरी आणि पोराची शिफारस!

कारकुनांना मी बाजूला घेतलं. माणूस घाबरला होता, पण वाकला नव्हता.

"सर, पोरीच्या पुस्तकात किल्ल्यांचा धडा आहे. म्हणली, पप्पा, खरा किल्ला दाखवा. म्हणून आलो. तुम्ही गुन्हा दाखल केला तर माझी नोकरी जाईल. उद्या सुटलो तरी गावोगाव नाव होईल, देव चोरणारे. मग ही पोरगी शाळेत कोणत्या तोंडानं बसंल?"

माझ्यापुढचा प्रश्न एवढाच होता. फिर्याद घ्यायला एक कागद पुरतो. पण त्या कागदाखाली एक अख्खं घर दबणार होतं. आणि हेच तांबडे तळवे पुढाऱ्याच्या नातीचे असते, तर फाटकाशी गाव जमलं असतं का? तेव्हा सगळे म्हणाले असते, लेकरू पाया पडलं देवाच्या.

मी टोपी काढून टेबलावर ठेवली, मुलीला तिच्या आईशेजारी बसवलं आणि चहाबरोबर बिस्किटं मागवली. मुलांना "चोरी कुणी केली" असं विचारायचं नसतं. मी विचारलं, "किल्ल्यात काय काय पाहिलंत?"

ती भराभर बोलायला लागली. पोपट, तोफेची भोकं, बुरजावरचा वारा. "तिथं एक आजी भेटली. तिनं आम्हाला रेवड्या दिल्या. तिचा नातू किल्ल्याभोवती पळत असतो म्हणली. आणि..." इथं ती थांबली. ओठ घट्ट मिटले.

"आणि काय?"

मान हलवली. नाही.

आई रडकुंडीला आली. "सांग ना माय, पप्पांना धरून ठेवतील इथं!"

मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तोंड उघडलं नाही. तेवढ्यात बिस्किट चहात बुडवत बारका म्हणाला, "देव अंघोळीला गेलाय."

जमादार हसले. मला हसू आलं नाही. मी मराठवाड्यातल्या घरात वाढलो आहे. माझ्या परीक्षेच्या वेळी आईनं देव पाण्यात घालून ठेवले होते. काम होईपर्यंत देवानं पाण्यात राहायचं, हे आमच्याकडं लेकराला सुद्धा माहीत असतं.

मी मुलीला हळूच विचारलं, "आजीनं शपथ घातली का, कुणाला सांगू नको म्हणून?"

तिनं मान डोलावली.

मी पुढाऱ्यांकडं वळलो. "तुमच्या आई घरीच असतात ना?"

"हो, का?"

"चला, पाणी पिऊ तुमच्या घरी."

त्यांच्या माजघरातल्या रांजणात हात घातला तर गोळा लागला. म्हातारी चुलीपुढून उठली आणि ठसक्यात म्हणाली, "काढू नगा! नातू पोलिसात लागंपत्तूर त्यो पाण्यातच ऱ्हाईल. मला एकटीला उचलंना, पाटीत घालाया त्या गुणाच्या पोरीनं धरू लागलं."

पुढाऱ्यांचा सूर लगेच बदलला. "आई लय धार्मिक हाय साहेब. म्हातारं माणूस. मिटवून टाका."

मिटवलंच. म्हातारीवर कसला गुन्हा? पण तीच वस्तू, तोच कोनाडा. एका घरात गेली तर नवस आणि दुसऱ्या घरात गेल्याचा नुसता संशय आला तरी चोरी! कायद्याच्या कुठल्या पुस्तकात हे कलम आहे, ते मला अजून सापडलेलं नाही. पण ते चालतं, रोज चालतं.

आम्ही ठाण्यात परतलो. कारकुनांची मागणी एकच होती. "सर, हे मला खोलीत सांगू नका. त्या फाटकापुढं सांगा."

बरोबर होतं. आरोप चारचौघांत झाला होता, तो पुसायचाही चारचौघांतच. पुढाऱ्यांना मी फाटकाशी उभं केलं. ते पुटपुटले, मी म्हणालो, "मोठ्यानं." मग मोठ्यानं बोलले, देव आपल्याच घरात सापडला म्हणून. लोक खाली बघत टेम्पोत चढले. येताना केवढा आवाज होता, जाताना एक चप्पल वाजली नाही.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते इतकंच. खबर आली की आधी खबर देणाऱ्याचा उंबरठा बघावा. आणि घरात लेकरं असतील तर त्यांना बिस्किट देऊन किल्ल्याबद्दल विचारावं.

पण किल्ला म्हटलं की मला आता भुयार आठवत नाही, दशम्या आठवत नाहीत. आठवते ती संध्याकाळ. म्हातारी हट्टानं आमच्या जीपमधून ठाण्यात आली होती. तिनं मुलीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "माझ्यापायी तुला हितं बसावं लागलं गं माय."

मुलगी नाक पुसत म्हणाली, "आजी, मी नाही सांगितलं. आमच्या बारक्यानं सांगितलं."