मंजुषामावशीची द्युक्लेर बदकं

बदक मला कधीच आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. सारखी बडबड, सारखा चिखल, आणि उभं राहील तिथे घाण. तरीही गेल्या काही वर्षांतले माझे बरेचसे रविवार बदकांमध्ये गेले, ते मंजुषामावशीमुळे.

मावशी माझी सख्खी नव्हे. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या मराठी मंडळात वयाने मोठी बाई एक तर काकू असते, नाही तर मावशी. काकू व्हायला घरात एक काका लागतात. डॉक्टर मंजुषा वझलवार यांनी लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे त्या सगळ्या मंडळाच्या मावशी. नागपूरला मेडिकल करून सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्या शिकागोला आल्या आणि रिटायर होईपर्यंत लोकांना भूल देत राहिल्या. "झोपवता कोणालाही येते," त्या म्हणायच्या, "उठवता आलं पाहिजे." स्वभाव तापट, बोलणं सडेतोड, हातात सतत काहीतरी काम. मला पहिल्या भेटीतच म्हणाल्या होत्या, "तू फार बोलतेस, सुचित्रा. पण ये तू घरी." मी गेले, आणि जातच राहिले.

त्यांच्या आयुष्यातलं एक वर्ष फ्रान्समध्ये गेलं होतं. रुआँ शहराच्या हॉस्पिटलात काहीतरी शिकायला म्हणून गेल्या होत्या. तिथून बसने थोडं पुढे गेलं की सेन नदीच्या वळणावर द्युक्लेर नावाचं छोटं गाव आहे. सुट्टीच्या दिवशी त्या तिकडे जाऊन नदीकाठी बसायच्या. तिथेच त्यांनी ती बदकं पाहिली. अंगभर काळी कुळकुळीत, ऊन पडलं की काळ्यावर हिरवी झाक येणारी, आणि छातीवर तेवढं पांढरं, तान्ह्या मुलाला लाळेरं बांधावं तसं. गावाच्या नावावरूनच त्यांना द्युक्लेर म्हणतात. अंगाने फार जड नाहीत, त्यामुळे दिवसभर काठावरच्या चिखलात किडे, गोगलगायी, गवत शोधत हिंडतात आणि स्वतःचं पोट बऱ्यापैकी स्वतःच भरतात. थंडीवाऱ्याला दाद देत नाहीत. अंडी फिकट हिरवट. पण त्यांची सगळी ओळख त्या लाळेऱ्यात. पांढरं फक्त छातीवर हवं. पंखात एखादं पांढरं पीस आलं, डोक्यावर ठिपका आला, की ते बदक राहतं, पण द्युक्लेर म्हणून मोजलं जात नाही.

"ते वर्ष संपलं तेव्हा तिथला बॉस म्हणाला, थांब अजून," मावशी मला एकदा सांगत होत्या. "मला थांबायचं होतं गं. पण इकडचा जॉब, ग्रीन कार्ड, नागपूरला आई वाट पाहून राहिलेली. आले परत. पुढे कितीदा तरी वाटलं, सुट्टी घ्यावी, आठ दिवस जाऊन यावं. पण आठ दिवस नव्हते ना पाहिजे मला!"

मग काय पाहिजे होतं, कशासाठी, कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. मी खोदून विचारायला गेले, तर "चहा टाक" म्हणाल्या. आमच्या मंडळात एका काकूंची खात्री आहे की त्यात कोणी फ्रेंच डॉक्टर होता. असेलही. मला विचाराल तर मावशींना तो नदीकाठ हवा होता, आणि त्या काठावर स्वतः. शॉमबर्गच्या कॉन्डोत बदक पाळायला परवानगी नसते, आणि ऑनकॉल असणाऱ्या बाईला तशी सवडही नसते. तीसएक वर्षं ती बदकं पाळायची इच्छा त्यांनी मनात ठेवली.

रिटायर झाल्यावर आपल्याकडची माणसं क्रूझवर जातात, नाहीतर कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला मुलीच्या घराजवळ घर घेतात. मावशींनी कॉन्डो विकला आणि तासाभराच्या अंतरावर, चारी बाजूंनी मका असलेल्या जागेत, तळं असलेलं एक जुनं घर घेतलं. मंडळात चर्चा झाली. डोकं फिरलं इथपासून ध्यानकेंद्र काढणार इथपर्यंत. मावशी तोवर देशभर फोन करत होत्या. ही बदकं खुद्द फ्रान्समध्येच आता थोडी उरलीत, इथे तर नाव सांगितलं तरी लोकांना कळत नाही. शेवटी न्यूयॉर्क राज्यातला एक म्हातारा सापडला. त्याने दहा प्रश्न विचारले आणि मग अंडी दिली. ती मांडीवर घेऊन मावशींनी ट्रेनने प्रवास केला. विमानात हादरे बसतात म्हणे.

इनक्युबेटरमधून पहिली पिल्लं बाहेर आली तेव्हा मला सकाळीच फोन. "घुगऱ्या करून आण. बारसं आहे."

मला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. पुठ्ठ्याचं खोकं, वर लाल दिवा, खाली भुसा, आणि बाजूला पैठणी नेसलेल्या मावशी. एकेक पिल्लू ओंजळीत घ्यायचं, कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. बदकाचा कान पिसांत लपलेला असतो, तो म्हणे डॉक्टरांना बरोबर सापडतो. गोदू, बेबीनंदा, तहसीलदार, ठकी, सिव्हिल सर्जन अशी नावं. मी घुगऱ्या वाटल्या, म्हणजे मी आणि मावशींनीच खाल्ल्या. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या दिवशी मावशी किती सुंदर दिसत होत्या, हे मला लिहिताना आत्ताही दिसतंय.

आणि तिथेच घोळ झाला.

दुर्मीळ जात टिकवायची म्हणजे दरवर्षी निवड करावी लागते. लाळेरं नीट असलेली तेवढी पुढच्या विणीला ठेवायची, बाकीची स्वयंपाकघरात. फ्रान्समध्ये शतकभर तेच झालं, म्हणून तर ही जात झाली. न्यूयॉर्कच्या म्हाताऱ्याने हे बजावलं होतं. मावशींना तर समजावायचीही गरज नव्हती, डॉक्टर होत्या त्या. शाकाहारीही नव्हत्या. सावजीचं मटण घाम पुसत पुसत खायच्या. पण ज्याच्या कानात कुर्र केलं त्याच्या मानेवर सुरी कशी चालवायची? "या वर्षी राहू दे," असं त्या दरवर्षी म्हणाल्या. नर-माद्या वेगळ्या ठेवायच्या, तर बेबीनंदा रडते म्हणून तेही मोडलं. बदकं वाढत गेली, आणि त्यांच्यात पांढरंही वाढत गेलं. पंखात आलं, पोटावर उतरलं, तहसीलदाराच्या एका मुलाच्या तर डोक्यावर टोपी आली. काही वर्षांनी तळ्यावर पाहिलं, तर नीट लाळेरं असलेली बदकं शोधावी लागत होती.

"पाहून राहिलीस ना?" मावशी एकदा कुंपणाशी उभं राहून म्हणाल्या. "मी प्रेमानं संपवून राहिले यांना."

मग बर्फात पडून मावशींचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, चालायला लागल्या, पण पाण्याच्या बादल्या उचलणं संपलं. डॉक्टरांनी सांगितलं, एकटं राहायचं नाही. म्हणजे घर विकायचं आणि शॉमबर्गला, लिफ्ट असलेल्या इमारतीत परत यायचं. आता प्रश्न एकच होता: बदकांचं काय?

मावशींची भाची इला क्युपर्टिनोत असते, इथेच जन्मलेली, मनाने फार चांगली. तिने व्हिडिओ कॉलवर एक आश्रम शोधून दिला. प्राण्यांना मरेपर्यंत सांभाळणारी संस्था. "They'll be so happy there, मावशी. Nobody will ever hurt them."

"अंडी उबवू देतील का तिथं?" मावशींनी विचारलं.

इलाने चौकशी केली. नाही. त्यांच्याकडे आधीच प्राणी खूप, नवीन पिल्लं होऊ द्यायची नाहीत, हा त्यांचा नियम. म्हणजे गोदू, ठकी, सगळी आपापलं आयुष्य सुखात जगणार, आणि त्यांच्याबरोबर द्युक्लेर संपणार.

दुसरा माणूस होता डेल. रस्त्यापलीकडचा मक्याचा शेतकरी, जुन्या जातींच्या कोंबड्या आणि टर्की पाळणारा. त्याला ती बदकं पहिल्या दिवसापासून आवडत होती. मावशींच्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन बसला आणि आडपडदा न ठेवता म्हणाला, "डॉक, मी यांना नीट वाढवीन. दर वसंतात पिल्लं काढीन. पण चांगली तेवढी ठेवीन. बाकीची आम्ही खाऊ. तुला खोटं सांगणार नाही."

तो गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, आश्रमात द्या. तुमच्याच्यानं हे सहन व्हायचं नाही."

त्या माझ्यावर इतक्या ओरडल्या की मी पर्स उचलून निघाले होते. मग स्वतःच दारापर्यंत काठी टेकत आल्या. "आश्रमात दिलं तर मला झोप लागेल," म्हणाल्या. "पण माझ्यानंतर पाहायलाही मिळणार नाहीत ती कोणाला. मी तिकडे थांबले नाही, ते गेलं. हे तरी राहू दे. ती राहावीत, एवढंच पाहिजे मला."

निवड डेल करणार होता. मावशी म्हणाल्या, मी करीन. एप्रिलमधल्या एका सकाळी अंगणात दोन कुंपणं घातली. मावशी खुर्चीवर, मी पकडून आणणारी. प्रत्येक बदक त्यांनी मांडीवर घेतलं, पंख उलगडून पाहिला, छातीवरून हात फिरवला आणि सांगितलं, डावीकडे किंवा उजवीकडे. डावीकडची राहणार. चेहऱ्यावर काही नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये अशाच दिसत असतील. गोदू डावीकडे गेली. ठकीच्या पंखात दोन पांढरी पिसं. ठकी त्यांच्या मांडीवर डोळे मिटून बसली, तिला सवयच होती. मावशींनी ती दोन पिसं पुन्हा एकदा पाहिली, जणू तेवढ्यात काळी होतील. मी म्हटलं, "हिला राहू द्या ना. एक तरी." "उजवीकडे," त्या म्हणाल्या. मी उचलायला वाकले, तर म्हणाल्या, "थांब. मी नेते." काठी एका हातात, ठकी काखेत, अशा त्या हळूहळू गेल्या आणि तिला स्वतः खाली सोडलं. मी रडले. त्या नाही.

शॉमबर्गच्या फ्लॅटमध्ये त्यांना सकाळ खायला उठायची. खिडकीतून ऑफिसांच्या मधलं तळं दिसायचं, त्यात जंगली हंस. "काय ते बावळट पक्षी," असं म्हणत मावशी तासन्‌तास तिथेच बघत बसायच्या. पहाटे दार उघडून कुणाला सोडायचं नाही, अंधार पडायच्या आत कुणाला हाक मारायची नाही. डेलला फोन करा म्हटलं तर म्हणायच्या, "तो काम करून राहिला, त्याला कशाला त्रास?"

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यानेच बोलावलं. मी मावशींना घेऊन गेले.

डेलने मागचं दार उघडलं आणि काळी बदकं घोळक्याने गवतात उतरली. एकाच्याही अंगावर चुकीच्या जागी पांढरं नाही. उन्हात पाठी हिरव्या चमकत होत्या आणि छातीवर स्वच्छ लाळेरी. मागून पिल्लांची रांग, पिवळ्या छातीची. मी बदकद्वेष्टी बाई, पण माझ्याही तोंडून "अगं बाई" निघालं. मावशी कुंपण धरून उभ्या राहिल्या. अशी बदकं त्यांनी त्या नदीकाठानंतर प्रथमच पाहिली असणार. त्यांनी हाक मारली, नेहमीची, लांब सूर लावून. एकदोघांनी माना वळवल्या. तेवढ्यात डेलने डबा खडखडवला आणि सगळी त्याच्याकडे धावली.

जेवायला थांबा म्हणाले. डेलच्या बायकोने भाजलेलं बदक टेबलावर ठेवलं आणि लगेच गोरीमोरी झाली. "डॉक, तुझ्यासाठी चीज घातलेला पास्ता पण केलाय." सगळ्यांनी हात धरून प्रार्थना म्हटली. मावशी म्हणाल्या, "मला बदकच वाढ." फारसा मसाला नसलेलं ते मांस त्यांनी सावकाश खाल्लं, हाडं नीट साफ केली, आणि डेलला म्हणाल्या, छान वाढवलंस, अंगावर चरबी बरोबर आहे. डेलच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतताना गाडीत मी गप्प बसू शकले नाही. म्हटलं, "मावशी, जिंकलात तुम्ही. राहिली ती. तुम्हाला जे हवं होतं तेच झालं."

बराच वेळ दोन्ही बाजूंना नुसता कोवळा मका होता.

"सगळ्यांना तेच सांगत होते मी," मावशी म्हणाल्या. "ती राहावीत, एवढंच पाहिजे. इलाला सांगितलं, डेलला सांगितलं, तुला सांगितलं." मग त्यांनी चष्मा काढला आणि पदराने नाही, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसायला लागल्या, लहान मुलीसारख्या. "खोटं होतं गं ते. राहिली काय, न राहिली काय. मला ती माझ्याजवळ पाहिजे होती."