पंचफुलाबाईचं चौथं कडवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा एक-दोनदा अगदी ओठांवर आलं — आणि मी तिच्याकडे चहा मागितला. आता तुम्ही समोर बसलाच आहात तर सांगून टाकतो. पण जरा आडवळणानं सांगेन, एकदम नाही जमणार.

नव्वदच्या दशकात पुलगावात माझं कॅसेटचं दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून मी रेकॉर्डिंगची सोय केली होती. नागपूरहून आणलेलं जुनं स्पूलचं मशीन, दोन माईक, झालं. आमच्या घरात सगळे कापडाचे व्यापारी, माझं हे वेड कुणाला पटलेलं नव्हतं. मला संगीतकार व्हायचं होतं. चाल सुचत नव्हती, सूर लागत नव्हता — पण कव्हरवर आपलं नाव छापून यावं, एवढं मात्र फार वाटायचं. हसताय? हसा, हसण्यासारखंच आहे.

पंचफुलाबाई शेजारच्या नाचणगावची. कमरेला लुगड्याची ओटी बांधून लोकांच्या शेतात कापूस वेचायला, तिच्या भाषेत 'येचायला', जायची आणि वेचता वेचता भजनं रचायची. लिहिता येत नव्हतं, सगळं डोक्यात. गावातल्या बायांचं भजन मंडळ तिच्याच भजनांवर चालायचं. आवाज खरखरीत होता, पण एकदा लागला की ऐकणाऱ्याला उठून जाता यायचं नाही. आमच्याकडे खंजिरीच्या भजनाची एक रीत आहे — ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. तीच त्याची सही, दुसरी कुठली नसते. तिच्या वेचणीच्या भजनाला चार कडवी होती. चौथं असं होतं :

पंचफुला म्हणे, ओटी माझी फाटली
सांडला कापूस देवा, तूच येच

हे तिनं माझ्या खोलीत गायलं, तेव्हा मी मशीनपाशी बसलो होतो. स्वतःचं नाव घेताना तिनं डोळे मिटले होते. त्या दिवशी ती एकटीच आली होती, खंजिरीही स्वतःच वाजवत होती. मला रडू आलं होतं, हेही खरं आहे.

मग नागपूरच्या एका कंपनीचा माणूस आला. त्याला भजन आवडलं. म्हणाला, "बाईचं नाव गाण्यात आहे म्हणजे बाईची परवानगी लागेल, तिचं नाव कव्हरवर येईल. भजन पारंपरिक असेल तर प्रश्नच नाही. मास्टर टेप तुमची, तर सगळं तुमचं. संकलन आणि संगीत म्हणून तुमचं नाव टाकतो."

पारंपरिक. केवढा सोज्वळ शब्द आहे ना? मी म्हणालो, हो, पारंपरिकच आहे. कंपनीला द्यायची प्रत काढताना तिसऱ्या कडव्यानंतर आवाज हळूहळू खाली आणला. मूळ टेपला हात लावला नाही. म्हणजे मी काही मोडलं नाही, अशी मीच माझी समजूत घातली.

कॅसेट चालली. लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात, सगळीकडे. पंचफुलाबाई दुकानात आली, हौसेनं ऐकलं आणि म्हणाली, "भाऊ, मायं नाव कुठं गेलं?" मी म्हटलं, टेप संपली बाई. ती हसली. "मंग पुढच्या बारीले पयल्याच कडव्यात घालतो नाव."

इथंच थांबलं असतं तर कदाचित मी हे तुम्हाला सांगायलाही बसलो नसतो. खोटं बोललो, झालं, दुकानदार माणूस. पण पुढं समुद्रपूरला महिला भजनांची स्पर्धा झाली आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं — कशाच्या जोरावर? त्याच कॅसेटच्या. शाल, नारळ, मंचावर खुर्ची. पंचफुलाबाईचं मंडळ आलं. तिनं तेच भजन घेतलं, चारही कडवी, नावासकट. समोर बसलेल्या दुसऱ्या मंडळाच्या बायांत कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारचे परीक्षक, एक निवृत्त गुरुजी, माईकवरच म्हणाले, "बाई, हे पारंपरिक भजन आहे. त्यात स्वतःचं नाव कसं घुसडता?"

"घुसडून नाई राह्यली, गुर्जी. मायंच हाये थे. इचारा ना भाऊले! त्याइच्याच मशीनवर म्हटलं होतं."

सगळा मांडव माझ्याकडे पाहायला लागला. ती तर हसतच पाहत होती — तिला वाटलं, आता भाऊ सांगतील आणि मिटेल. माझ्या मांडीवर शाल होती, तिच्या झालरीशी मी चाळा करत होतो. आणि मी म्हणालो, "पूर्वीपासून म्हणतात ते, एवढंच मला माहीत."

तिच्या मंडळाला बाद केलं. खाली उतरताना कुणीतरी चोर म्हणालं. तिच्या मंडळातल्या बाया तिच्यापासून जरा सरकून बसल्या, हे मी वरून पाहिलं.

तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. पण काही दिवसांनी दुकानात येऊन म्हणते कशी, "एवढे लोक होते, तुमी भेले असान भाऊ. जाऊ द्या. पण आता थे टेप काढा अन् मंडळातल्या बायाइले ऐकवा. त्या मले इचारतेत, काऊन खोटं बोलली म्हणून." माझ्यासाठी सबबसुद्धा तिनंच शोधून आणली होती. मी म्हटलं, शोधतो. टेप माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. मी कितीतरी दिवस शोधतच राहिलो. पुढं पुढं तिनं येणं सोडलं.

मग मोबाईल आले, कॉलर ट्यून आल्या. कंपनीचा नवा माणूस आला. म्हणाला, "आता सगळं कॉम्प्युटरवर जाणार, प्रत चालणार नाही, मूळ मास्टर द्या. अन् मालक तुम्हीच, असं लिहून द्या." मी लिहून दिलं. आणि मास्टर द्यायच्या आधी मी टेप पुढं नेली, तिसरं कडवं संपलं तिथं खूण केली आणि ब्लेडनं कापलं. वीतभर नाही, चांगलं लांब भेंडोळं निघालं. बंबात टाकलं. आकसलं, काळं झालं, उग्र वास सुटला. बायकोनं विचारलं, काय जाळताय? म्हटलं, कचरा.

हे सांगायचं होतं? नाही. याच्याही पुढचं सांगायचं होतं.

शेवटची आली तेव्हा ती ओळखू येत नव्हती. सेवाग्रामच्या दवाखान्यात घशाचं ऑपरेशन झालं होतं, आवाज गेला होता. नुसती हवा यायची, कान जवळ न्यावा लागायचा. म्हणाली, "भाऊ, आता तं मले म्हणताच येत नाई. थे कडवं एक डाव ऐकवा. बाकी काई नाई. मायं नाव मायाच आवाजात होतं ना थ्या टेपवर?"

जळाली म्हणता आलं असतं. बुरशी लागली, हरवली, काहीही चाललं असतं. पण मग ती पुन्हा कुणाला तरी सांगेल, कुणीतरी विचारेल — हा हिशेब तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात चालला. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी तुम्ही चौथं कडवं गायलंच नव्हतं. तीनच गायली होती. तुम्ही नंतर कधीतरी रचलं असेल."

मग तिनं मान खाली घातली आणि खरंच आठवायला लागली. मला ते दिसत होतं, ती आठवत होती, आणि तिला सापडत नव्हतं.

"असन बापा," ती म्हणाली. "म्याच इसरली असन. उगाच तुमच्यावर आळ घेतला भाऊ. माफ करजा."

आणि मी म्हणालो, "असू द्या बाई. वय झालं की होतंच असं."