परत कधी?

भोकरवाडी हॉल्टवर तिकीट मागितलं, की खिडकीतून आधी प्रश्न यायचा, "परत कधी?" माणूस लग्नाला निघालेला असो की दवाखान्यात, परतीची गाडी सांगितल्याशिवाय पुठ्ठ्याचं तिकीट हातात पडत नसे. नव्या माणसाला हा आगाऊपणा वाटे. मलाही वाटला होता. पहिल्याच दिवशी शाळेतून परतताना मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "उद्या सकाळी. नोकरीच आहे इथं." तर बाई म्हणाल्या, "मग डबा जास्तीचा आणत जा. संध्याकाळी सातच्या गाडीचं काय खरं नसतं."

या खिडकीवाल्या आक्का. त्यांचं खरं नाव कुठल्यातरी कागदावर असणार, पण गावात ते कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. हॉल्टवर स्टेशनमास्तर नव्हता, सिग्नल नव्हता. एक खोली, एक लिंबाचं झाड आणि एक सिमेंटचा बाक, एवढाच सगळा कारभार. कमिशनवर तिकिटं विकायचं काम आधी आक्कांचे मालक करायचे, ते गेल्यावर आक्का करू लागल्या. मी नाशिक रोडला राहायची आणि गावातल्या शाळेत शिकवायची. नव्वदच्या दशकातली आठ वर्षं मी त्या फलाटावर रोज उतरले आणि रोज चढले.

गाडी तिथं एक मिनिट थांबे, पण ते मिनिट किती लांबीचं हे आक्का ठरवत. कांद्याच्या वावरातून कुणी पळत येताना दिसलं, की त्या फलाटावर येऊन हात वर करून उभ्या राहत. तो हात खाली येईपर्यंत गार्ड हिरवी झेंडी दाखवत नसे. एकदा एक नवा गार्ड वैतागून म्हणाला, "बाई, हात खाली घ्या. गाडीला उशीर होतोय." आक्कांनी बांधावरून लंगडत येणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "मला नका सांगू. त्याच्या गुडघ्याला सांगा." म्हातारा चढला, मग गाडी हलली. पुढं तोच गार्ड येता-जाता त्यांना रामराम करू लागला.

माझी एक विद्यार्थिनी होती, शबाना. दहावीला चांगले मार्क मिळाले होते, पण पुढं शिकायचं तर नाशिक रोडला जायला हवं आणि गावात एसटी येत नव्हती. तिचे वडील रहीमचाचा शिलाईकाम करत. मी तीन वेळा त्यांच्या घरी गेले, तिन्ही वेळा उत्तम चहा मिळाला आणि तिन्ही वेळा नकार. चौथ्यांदा आक्का माझ्याबरोबर आल्या. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "चाचा, सकाळी मी बायकांच्या डब्यात बसवून देते. साडेसहाला मी उतरवून घेते. पोरगी उतरल्याबिगर खिडकी लावणार नाय." चाचा मशीन थांबवून म्हणाले, "आक्का म्हनती तं जाऊ द्या." माझ्या बी.एड.ची गावातली किंमत मला त्या दिवशी नीट कळली.

शबाना गेली म्हणून आणखी चार मुली गेल्या. आक्का रोज संध्याकाळी एकेकीला उतरताना बघत आणि पाचवी दिसली की खिडकी लावत.

आक्कांना फुकट सल्ला द्यायची भारी हौस. कुणी दोन दिवस ओळीनं तिकीट काढलं, की त्या खेकसत, "रोज रोज कशाला पैसे घालवते गं? नाशिक रोडला पास काढ." हॉल्टवर पास मिळत नसे. मग पाससाठी फोटो कुठला लागतो, कुठल्या खिडकीवर गर्दी कमी असते, हे सगळं त्या समजावून सांगत. मुलींना सांगितलं, दूधवाल्यांना सांगितलं, कारखान्यातल्या पोरांना सांगितलं, मलाही सांगितलं. मी लगेच पास काढला आणि त्यांच्याकडून तिकीट घेणं सोडून दिलं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं असेल. रेल्वेचे एक साहेब वही घेऊन आले आणि दिवसभर बाकावर बसले. संध्याकाळी मी गाडीसाठी थांबले होते तेव्हा ते आक्कांना सांगत होते, "तुमच्या खिडकीवर तिकिटं जात नाहीत, हॉल्ट कसा चालू ठेवणार?"

"पण मानसं तं उतरत्यात ना? तुमच्या डोळ्यांदेखत उतरली."

"त्यांचे पास नाशिक रोडच्या हिशोबात धरतात, आक्का. इथल्या कागदावर इथं कोणी चढतच नाही."

माणूस चांगला होता. जाताना म्हणाला, मी लिहून बघतो. त्यानं लिहिलंही असेल. पण मला माझा पास आठवला. मी आठ वर्षं त्या गावात येत होते आणि सुरुवातीचे दोन दिवस सोडले तर कागदावर एकदाही आले नव्हते.

साहेब गेल्यावर मी आक्कांवर चिडले. स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायची माझी जुनी खोड आहे. म्हटलं, "तुम्हीच सगळ्यांना पास काढायला लावलेत."

"मला काय ठाव, बाई? पोरींचे पैसे वाचत व्हते." त्या पदरानं खिडकीची फळी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् ठाव असतं तरी काय सांगनार व्हते? म्हाग पडंल ते करा म्हनून?"

हॉल्ट बंद करायचा हुकूम आला. शेवटच्या दिवशी खिडकीसमोर लिंबापर्यंत रांग लागली. सगळ्यांच्या खिशात पास होते आणि सगळे तिकीट मागत होते. दूधवाले, मुली, ज्याला कुठंच जायचं नव्हतं तो मारुतीच्या देवळातला पुजारीसुद्धा. माझा नंबर आला. "नाशिक रोड," मी म्हटलं. आक्कांनी तिकिटावर तारीख मारली आणि पुढं सरकवलं. मी तशीच उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, सरका की." त्या दिवशी आक्कांनी कुणालाच परतीचं विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मला रडू आवरलं नाही.

शबानाचं बी.ए.चं एक वर्ष राहिलं होतं. पुढचं स्टेशन दोन कोसांवर. सकाळी चाचा सायकलवरून सोडतीलही, पण संध्याकाळी गाडी कधी दोन-दोन तास उशिरा. मशीन बंद ठेवून ते तिथं किती बसणार? झालं एवढं पुष्कळ झालं, असं ते म्हणू लागले. मीही मनातून हात टेकले.

मी आता बसनं येऊन फाट्यावरून चालत शाळा गाठत असे. एकदा गॅदरिंगच्या तालमीमुळे उशीर झाला. हॉल्टवरून जाताना बघते तर खिडकीला फळ्या ठोकलेल्या आणि आक्का बाकावर बसलेल्या. मी शेजारी बसले. म्हटलं, "इथं येऊन जिवाला का त्रास करून घेता?"

"त्रास कसला? गाडी यायचीय."

गाडी आली. वेग कमी न करता धडधडत समोरून गेली. बायकांच्या डब्याच्या खिडकीतून एक पिवळी ओढणी बाहेर आली आणि फडफडली. आक्कांनी हात वर केला, तसाच, गार्डाला दाखवायच्या तसाच. मग गुडघ्यावर जोर देऊन उठल्या.

"आली पोरगी. चला, चाचाला सांगते, मंग तो सायकल काढंल. तवर पुढच्या ठेसनावर चहाच्या टपरीवर बसती ती, माझ्या मावसबहिनीपाशी."

असं वर्षभर चाललं. शबाना बी.ए. झाली. आज ती पिंपळगावला शिक्षिका आहे. पिवळी ओढणी विटून गेली होती तरी वर्षभर तीच वापरली, असं तिनं मला नंतर सांगितलं; आक्कांची नजर अधू होत चालली होती आणि तेवढा एकच रंग त्यांना लांबून ओळखू येई.

मधल्या काळात माझी बदली झाली. आक्का गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. त्यानंतर काही महिन्यांनी बहिणीकडे मनमाडला जायला मी शबानाची तीच संध्याकाळची गाडी पकडली. भोकरवाडीचं लिंबाचं झाड दिसलं आणि मी पदर सावरून हात खिडकीबाहेर काढला. बाक रिकामा होता. फलाट संपेपर्यंत मी हात तसाच धरून ठेवला.

समोरची बाई मागं वळून बघत म्हणाली, "कोणी ओळखीचं होतं का?"

"हो," मी म्हटलं. "मी गाडीत आहे, एवढंच त्यांना कळवायचं होतं."