तुरुंगातून निघताना

खोटं कशाला बोलू, मीही ते रील पाहूनच गेले होते. आर्वीकडच्या जुन्या तुरुंगाचं आता म्युझियम झालंय आणि तिथल्या फाशीच्या कोठडीत साखळ्या वाजतात, असं त्यात होतं. रविवारी तिथं नुसती जत्रा!

दारावर खाकी शर्टातले एक काका होते, गालात सुपारी धरलेले. कोणी "भूत कुठाय?" विचारलं की ते स्वतःची सायकल दाखवायचे. "थे साखळी हिची होय. तेल द्याचं राहून गेलं, अन् मी फेमस झालो!" मग सगळ्यांत मोठ्यानं तेच हसायचे आणि सेल्फीसाठी टोपी सरळ करायचे.

निघताना मी सवयीनं म्हटलं, "येते, काका."

त्यांनी हातच जोडले. "नाई बाई! घरून निघताना 'येतो' म्हना. जेलातून निघताना 'जातो' म्हनाव."

मी "जाते" म्हटलं. मागची कॉलेजची पोरंही "जातो, जातो" ओरडत बाहेर पडली.

रस्त्यावर आल्यावर कळलं, छत्री आतच राहिली. परत गेले तर काका फाशीच्या कोठडीला कुलूप लावत होते. गजांतून आत पाहत हळूच म्हणाले, "येतो बरं."

"आणि तुम्ही का 'येतो' म्हणता?" मी विचारलं.

ते लाजले. "इथल्या मानसायले शेवटी कोनी 'येतो' म्हनलं नसन. मले म्हनता येते. सकाळी मी येतोच ना!"