नाडकर्ण्यांच्या गाडीतली हाक

आमच्या सोसायटीत भुतं नाहीत. हे मी सेक्रेटरी या नात्याने सांगतोय, कारण गेल्या वर्षी कमिटीच्या मीटिंगमध्ये मला ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं. पार्किंगमध्ये मेलेल्या बाईचा आवाज येतो, अशी तक्रार होती. आवाज येत होता हे खरंच होतं. मी स्वतः पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातली दुधाची पिशवी सोडून दिली होती, पण ते मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.

"आलात का? दार लोटून घ्या, डास येतात."

आवाज शालनवहिनींचा. जरा नाकातला, 'का' लांबवणारा, आणि शेवटी डासांवर खरोखरचा राग. वहिनींना जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

हा उद्योग त्यांच्या नवऱ्याचा, गुरुदत्त नाडकर्ण्यांचा. तिसऱ्या मजल्यावर राहतात. कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत आयुष्यभर प्रेशर गेज आणि मीटर सांभाळले. त्या नोकरीने त्यांना एक खोड लावली. कुठलीही वस्तू समोर आली की बोटाच्या पेराने टकटक करून बघायचं, काटा अडकलाय का म्हणून. लिफ्ट, पाण्याची टाकी, हॉटेलातला चहाचा कप, एकदा तर माझ्या नातवाचं डोकं. बोलणं मोजकं. सोसायटीचा पंप बिघडला की मी मेकॅनिकला फोन लावेपर्यंत हे हात काळे करून वर निघालेलेही असत, आणि आभार मानले तर यांनाच राग यायचा. प्रत्येक गोष्टीचा स्पेअर बाळगणारा माणूस. घरात छत्रीचा स्पेअर, चष्म्याचा स्पेअर, कुकरच्या शिट्टीचे तर दोन.

निवृत्तीनंतर त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. वहिनींना ती कधीच आवडली नाही. जुन्या गाडीची घरघर तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची, वहिनी गॅसवर चहाचं आधण ठेवायच्या, आणि नाडकर्णी दारात पोचेपर्यंत चहा गाळलेला असायचा. नवी गाडी आली आणि चहाचं गणित बिघडलं. "मांजरासारखी येते मेली, कळतच नाही," असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या. म्हणून मग लॅचची किल्ली वाजली की आतून ओरडायच्या, "आलात का?" ती हाक गाडीमुळेच सुरू झाली, असं म्हटलं तरी चालेल.

दारावर नाडकर्ण्यांनी कॅमेऱ्याची बेल बसवली होती. वहिनी गेल्यावर त्या बेलच्या रेकॉर्डिंगमध्ये ही हाक सापडली. गाडीत एक सोय असते: लॉक केल्यावर जो टुकटुक आवाज येतो, त्याच्या जागी आपल्याला हवा तो आवाज लावता येतो. गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, रस्त्यावरची माणसं दचकू नयेत म्हणून बंपरच्या आत एक स्पीकर असतो, त्यातूनच तो वाजतो. आवाजाची फाइल ठरावीक प्रकारची हवी, छोटी हवी, नाव अक्षर अन् अक्षर गाडी सांगेल तेच हवं, आणि पेन ड्राइव्हमध्ये ती एकटी, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता ठेवायची; आणि तो पेन ड्राइव्ह कायम गाडीत खोचलेलाच हवा. असली कटकट म्हणजे नाडकर्ण्यांचा सण. एका दुपारी त्यांनी ते जमवलं.

तेव्हापासून ते गाडी लावायचे, लॉक करायचे, आणि बंपरमधून शालनवहिनी विचारायच्या, आलात का? नाडकर्णी मान न वळवता म्हणायचे, "आलो गं." मग जिना चढायचे.

तक्रार करणाऱ्यांत सगळ्यात पुढे विमलाबाई राणे. तळमजल्यावर राहतात, त्यांची स्वयंपाकघराची खिडकी नाडकर्ण्यांच्या गाडीवरच उघडते. मूळच्या कणकवलीकडच्या, वहिनींची वीस वर्षांची मैत्रीण. मला वाटलं, त्या घाबरल्या असतील. तर त्या माझ्यावरच डाफरल्या.

"मी कशाला घाबरू शालनला? ते ओ देतात रोज, त्याची भीती वाटते मला. मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देतं का कोणी? आमच्याकडे ओ देणारा राहत नाही फार दिवस. तुम्ही सेक्रेटरी ना? बंद करा ते."

मी नाडकर्ण्यांकडे गेलो. चहा पाजून ते म्हणाले, "फोनवर होता तेव्हा मी दिवसभर ऐकायचो. जेवण नाही, आंघोळ नाही. मग फोनवरून पुसला, कॉम्प्युटरवरूनही पुसला. आता फक्त गाडीत आहे. ऐकायचा तर बाहेर पडावं लागतं, काहीतरी काम काढावं लागतं, आणि परत यावं लागतं." एवढं लांब भाषण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी खाली येऊन विमलाबाईंना सांगितलं की विषय कमिटीच्या विचाराधीन आहे. सेक्रेटरीला एवढं यायलाच हवं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी सोनं द्यायला खाली उतरत होतो. नाडकर्णी गाडीजवळ उभे होते. बॉनेटवर झेंडूची माळ, हातात किल्ली. लॉक केलं. टुक टुक. उघडलं, पुन्हा लॉक केलं. टुक टुक. त्यांनी बंपरवर पेराने टकटक केलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, आणि आठवू नये असं वाटतं.

"अपडेट आलं होतं परवा," ते म्हणाले. "सेटिंग उडालं असेल."

सेटिंग उडालं नव्हतं. गाडीच्या स्क्रीनवर 'स्वतःचा आवाज' हाच पर्याय निवडलेला होता. मग त्यांनी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, पेन ड्राइव्ह काढून पुन्हा खोचला. काही नाही. कंपनीत कुठला मीटर बंद पडला की ते जसं एकेक बाजू वगळत जायचे तसंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी ते नवा पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. "काहीतरी बोला, टेस्टिंगला हवंय." मी म्हणालो, "मेंटेनन्स वेळेवर भरा." थोड्या वेळाने नाडकर्ण्यांच्या गाडीने माझ्या आवाजात अख्ख्या पार्किंगला मेंटेनन्स वेळेवर भरायला सांगितलं. वॉचमन दौलत खुर्चीतून उठून उभा राहिला. मी हसलो. नाडकर्णी हसले नाहीत. गाडी चांगली, स्पीकर चांगला, बिघाड जुन्या पेन ड्राइव्हमध्ये, एवढाच त्याचा अर्थ होता.

डोंबिवलीत माझा भाचा साईनाथ हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह दुरुस्तीचं दुकान चालवतो. आम्ही गाडीनेच निघालो. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे ट्रक आडवेतिडवे लागलेले, सगळीकडे हॉर्न, आणि आमची गाडी मात्र आत गप्प. नाडकर्ण्यांनी पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होते. एकदा म्हणाले, "तिला दवाखान्यात नेलं तेही ह्याच रस्त्याने." मी रेडिओ लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

साईनाथने भिंग लावून पेन ड्राइव्हच्या तोंडात बघितलं. मग चिमट्याने आतून थोडंसं काहीतरी उकरून कागदावर ठेवलं. लालसर, चिकट.

"काका, हे काय आहे? कुंकू?"

नाडकर्णी खुर्चीत बसले. मलाही तेव्हाच उलगडा झाला. खंडेनवमीला ते हत्यारांची पूजा करतात, कंपनीत असल्यापासून. पाटावर पाने-पकडी, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, गाडीची किल्ली. ह्या वर्षी पेन ड्राइव्हही ठेवला होता. ओलं हळदकुंकू, अक्षता, आणि वरून फुलाने पाणी शिंपडलं. एरवी ह्यांच्या मीटरजवळ कुणी ओला हात नेला तर ओरडतील. पण पूजा म्हटलं की पाणी हे पाणी राहत नाही आमच्यात. पूजा झाल्यावर तसाच गाडीत खोचला, आणि आतल्या आत जळला.

"ह्याच्यातून काही निघणार नाही," साईनाथ म्हणाला. "आतली चिपच गेलीय. दुसरी कॉपी असेल ना?"

छत्रीचा स्पेअर ठेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न होता. दारावरच्या बेलचं जुनं रेकॉर्डिंग बेलच्या कंपनीकडून केव्हाच पुसलं गेलं होतं. बंगळुरूच्या मुलाला, सलिलला, फोन झाला. त्याच्याकडे आईचे फोटो भरपूर होते, एका लग्नाचा व्हिडिओ होता, पण त्यात वहिनी बोलायला तोंड उघडतात तिथेच बँड सुरू होतो. नाडकर्ण्यांनी तो व्हिडिओ दुकानात उभं राहून पाहिला, बँड संपेपर्यंत.

परत आल्यावर त्यांनी गाडी लॉक केली. टुक टुक. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."

मग हे रोजचंच झालं. ते बाहेर जायचे, यायचे, गाडी लावायचे आणि खालीच उभे राहायचे. दौलत मला वर येऊन सांगायचा, "साहेब, ते घरी जातच नाहीत. उघडतात, बंद करतात, उघडतात, बंद करतात." पार्किंगमध्ये आता कुणाचा आवाज येत नव्हता, आणि बायका तरीही संध्याकाळी तिथून जायचं टाळत होत्या. खरं सांगायचं तर मीही टाळत होतो. आवाज यायचा तेव्हा एक मेलेलं माणूस तिथे होतं. आता जिवंत माणूस तसा उभा असायचा, आणि ते जास्त वाईट होतं.

दिवाळी उलटली होती, कंदील अजून उतरवले नव्हते. त्या दिवशी दिवेलागणीला मी मनाचा हिय्या करून खाली गेलो.

"शब्द आहेत माझ्याकडे," मला बघून ते म्हणाले. "पण चाल गेली. परवापर्यंत थोडी आठवत होती." आणि त्यांनी म्हणून दाखवलं, "आलात का, दार लोटून घ्या." अगदी सपाट, वर्तमानपत्र वाचल्यासारखं. "नाही ना? असं नव्हतं ना? तुम्ही ऐकलंय इतके दिवस. तुम्ही म्हणा."

मी प्रयत्न केला. पाणी उद्या येणार नाही असं सांगताना माझा जो आवाज निघतो तोच निघाला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा किल्ली दाबली. टुक टुक.

"आलात का? दार लोटून घ्या, डास येतात."

नाकातला आवाज, तोच लांबलेला 'का', तोच डासांवरचा राग. नाडकर्णी ताठ झाले, 'आलो' म्हणायला तोंड उघडलं.

"ओ देऊ नका!"

विमलाबाई होत्या. खिडकीचे गज धरून उभ्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ओ देऊ नका, भावजी, थांबा. मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं. दुसऱ्यांदा आली तरच ओ द्यायची, म्हणजे मारणारं जिवंत आहे. थांबा तिथेच." पदराने नाक पुसून त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली. ह्या खेपेला मध्येच आवाज फाटला, पण 'का' तेवढाच लांब होता.

पार्किंगमध्ये आम्ही तिघंच होतो. नाडकर्ण्यांनी किल्ली खिशात टाकली.

"आलो," ते म्हणाले, आणि जिना चढून घरी गेले.

सकाळी ते विमलाबाईंच्या दारात उभे, हातात फोन. आवाज रेकॉर्ड करून द्या, गाडीत घालतो. विमलाबाईंनी साफ नकार दिला. "मी जिवंत असताना मला गाडीत कोंडू नका. आहे ना मी खिडकीत? मी असेपर्यंत मारीन हाक."

तेव्हापासून गाडी टुकटुक करते आणि खिडकीतून हाक येते, दोनदा. दुसरीला ओ मिळते. विमलाबाई गावी गेल्या तर आधी सांगून जातात, मग नाडकर्णी तेवढे दिवस गाडी काढत नाहीत. तक्रार आता कुणाची नाही, कारण तक्रार करणारीच हाक मारते.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत बँकेत गेलो होतो. परत आलो, हाक आली, पुन्हा आली, त्यांनी ओ दिली. दुसऱ्या मजल्यावर ते दम खायला थांबले.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "शालनचा 'का' असाच होता ना? एवढा लांब?"

मी आठवून बघितलं. वहिनींच्या हातचा चहा मी वीस वर्षं प्यायलोय, त्यांची बोलणी खाल्लीत, जिन्यात उभं राहून गप्पा मारल्यात. त्यांचा चेहरा आठवला, कपाळावरचं मोठं कुंकू आठवलं, हातवारे आठवले. वहिनी तोंड उघडत होत्या आणि आवाज विमलाबाईंचा येत होता. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दुसरा आवाज नव्हताच.

ते माझ्याकडे बघत उभे होते.

"असाच होता," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि वर गेले. मी तिथेच पायरीवर बसलो. शालनवहिनी गेल्या तेव्हा मी स्मशानापर्यंत गेलो होतो, पण त्या गेल्या हे मला त्या दिवशी जिन्यात कळलं.