माथ्यावरची माती

"वरची माती तांबडी असती. ही काळी हाय. खरं सांग, कुठनं उचलली?" झुंबरबाई तिसऱ्यांदा विचारत होत्या. सून स्नेहल भाकरी थापत राहिली. दोनदा तिनं वरनंच आणली म्हणून सांगितलं होतं.

अंगणात बाजेवर पट उन्हाला पसरला होता. चादरीएवढ्या कापडावर गावामागचा देवीचा डोंगर रंगवलेला: पायथ्याची विहीर, चिंच, अवघड वळण, माथ्यावर देवी. ज्यांना चढवत नाही त्यांच्या घरी झुंबरबाई नवरात्रात हा पट नेत. अंथरुणावरच्या माणसानं वाटेवरनं बोट फिरवायचं, बाईंनी एकेक ठिकाण सांगायचं. बोट माथ्याला टेकलं की डोंगर घडला, चढून दर्शन घेतल्यासारखाच. देवीचे डोळे मात्र दर वर्षी नव्यानं काढायचे, माथ्यावरच्या मातीत डिंक कालवून. दुसरी माती चालत नाही.

गेल्या वर्षीपर्यंत बाई स्वतः चढत. यंदा गुडघे उचलेनात म्हणून स्नेहलला धाडलं. मोतीबिंदूमुळं बाईंना कालवताना रंग कळला नाही. आज उन्हात कळला.

सुप्याच्या कंपनीतनं पाळी करून आलेला मुलगा कल्याण जेवता जेवता म्हणाला, केडगावात देवीचा फोटो मोठा करून मिळतो, डोळ्यांसकट.

"मग कडूआत्याला तूच दाखव जाऊन," झुंबरबाई म्हणाल्या.

कडूबाई त्यांची नणंद, गावातच दिलेली. लग्नानंतर झुंबरबाईंना पहिल्यांदा डोंगरावर तिनंच नेलं होतं. आता डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं, आणि ती पटासाठी दिवस मोजत होती.

स्नेहल तवा उतरवून सासूला म्हणाली, "आत्याबाई, वर गेल्ते मी. तिथं माती न्हाई. देवळाभोवती सगळी फरशी बसवली, कडंला सिमेंटचा कठडा. कुंड्यातली माती बी खालनंच नेलेली. तासभर हुडकली, मग पायथ्याची आणली."

"तवाच का न्हाई बोललीस?"

"तुमी डिंकाची वाटी घिऊन दारात बसल्या हुत्या."

झुंबरबाईंनी ओल्या फडक्यानं देवीचे डोळे पुसले. काळा ओघळ वळणापर्यंत आला, तोही टिपला. पट वाळेपर्यंत त्या बाजेशेजारी बसून राहिल्या. मग घडी करून तो ट्रंकेत घातला.

"पट आता कुनाच्या घरी जायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "कल्याण, हात धुतले की कडूआत्याकडं जा. वाट बघू नको म्हनावं."